आधी पायांची चौकशी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तपासणीला येतो तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे असतं. रुग्ण चप्पल काढतो, खिशातला मोबाइल बाजूला ठेवतो आणि काट्यावर उभा राहतो. सोबत आलेली आई किंवा नवरा आकडा वाचायला पुढे वाकतात. आकडा मनासारखा आला की चेहरे खुलतात आणि भेट संपल्यातच जमा होते. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात या विभागाची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या आनंदात मीही असते, कारण त्या आकड्यामागे सुटलेलं इन्सुलिन असतं, रात्रीची शांत झोप असते, न थांबता चढता येणारा जिना असतो. पण वजन लिहून झाल्यावर माझे प्रश्न पायांपासून सुरू होतात. तळपायांना मुंग्या येतात का? चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का? तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो का? आणि या महिन्यात उलट्या किती वेळा झाल्या?

‘‘ऑपरेशन पोटाचं झालंय मॅडम, पायांना काय होणार?’’ असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. शस्त्रक्रियेआधी त्यांना मधुमेहाबद्दल, गुडघ्यांबद्दल, घोरण्याबद्दल बरंच सांगितलेलं असतं. मज्जातंतूंचा उल्लेख संमतिपत्रकातल्या एखाद्या ओळीत असतो आणि ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. मला मात्र या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली आहे. या शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतूंना होणारी इजा बहुतेक वेळा टाळता येते, आणि ती ऑपरेशन थिएटरमध्ये टाळता येत नाही. ती टळते घरातल्या ताटात, गोळ्यांच्या डबीत आणि रक्ततपासणीच्या पाळलेल्या तारखांत. म्हणून पाठपुरावा हा शस्त्रक्रियेचाच उरलेला भाग आहे, असं मी प्रत्येकाच्या घरच्यांना सांगते.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन तऱ्हेच्या शस्त्रक्रिया होतात, दोन्ही दुर्बिणीतून. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उभी, अरुंद नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जातं. दोन्हींत भूक कमी होते, दोन घासांत पोट भरतं. पण जो भाग काढला किंवा वगळला, त्याचं कामही त्याच्याबरोबर जातं. लोह, तांबं, थायमिन मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागांत शोषले जातात. बी-१२ शोषलं जातं थेट लहान आतड्याच्या शेवटाला, पण त्याची तयारी जठरात व्हावी लागते. जठरातलं आम्ल ते अन्नातल्या प्रथिनांपासून सोडवतं आणि जठराच्या पेशींतून पाझरणारं एक प्रथिन त्याला पुढे सोबत करतं.

या प्रथिनाचा शोध मला फार आवडतो. बॉस्टनमध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः मांस खाल्लं, काही वेळाने ते जठरातून परत बाहेर काढलं आणि घातक रक्तक्षय झालेल्या रुग्णांना नळीने दिलं. नुसतं मांस खाऊन न सुधारणारे रुग्ण त्याने सुधारले. निरोगी जठर अन्नात काहीतरी मोलाचं मिसळतं, हे त्यातून सिद्ध झालं. आमच्या रुग्णांच्या शरीरातून नेमकी हीच सोय उणी होते. जेवण कितीही चौरस असलं तरी गोळ्या किंवा इंजेक्शनं का लागतात, याचं उत्तर इथे आहे.

कमतरता सगळ्या एकदम येत नाहीत. कोणती केव्हा डोकं वर काढेल, हे शरीरातल्या साठ्यावर ठरतं. सगळ्यात आधी संपतं ते थायमिन, म्हणजे बी-१. शरीरात त्याचा साठा २५ ते ३० मिलिग्रॅम एवढाच असतो. अन्न पोटात ठरेनासं झालं तर तो दोन-तीन आठवड्यांत रिता होऊ शकतो.

मराठवाड्यातल्या एका तरुणाचं मला या संदर्भात नेहमी स्मरण होतं. शस्त्रक्रिया छान झाली होती. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या. त्याला वाटलं, ऑपरेशन झालंय तर एवढं होणारच. वजन झपाट्याने उतरत होतं, त्यामुळे घरचे खूश होते. गावाजवळच्या दवाखान्यात अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाईन लावलं गेलं. त्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती नीट दिलीच गेली नव्हती. मग एके दिवशी त्याच्या आईचा फोन आला. ‘‘ताई, पाणीसुद्धा ठरत नाही पोटात. दोन-दोन माणसं दिसतात म्हणतो. चालायला उठला की पडतो. आणि काल रात्रीपासून काहीतरी भलतंच बोलतोय.’’

दोन-दोन दिसणं, तोल जाणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी हे त्रिकूट १८८१ मध्ये नोंदवलं. दारूच्या व्यसनात हा आजार दिसतो एवढंच सहसा शिकवलं जातं. पण वेर्निके यांच्या पहिल्या तीन रुग्णांत शिवणकाम करणारी एक विशीतली तरुणी होती. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, जठराचं तोंड आकसलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. जखमी जठर, न थांबणाऱ्या उलट्या आणि मग मेंदूवर आघात, ही साखळी आजार ओळखला गेला त्याच दिवशी कागदावर आली होती. ते तिन्ही रुग्ण दगावले, कारण थायमिन तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. पुढे जावामध्ये ख्रिस्तियान आइकमन यांनी पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात हे पाहिलं आणि तांदळाच्या कोंड्याकडे जगाचं लक्ष गेलं. त्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं.

आमच्या सर्जननी त्या आईच्या फोनवरूनच तिथल्या डॉक्टरांशी बोलणं केलं. शरीर साखर जाळायला थायमिन वापरतं. थायमिन नसताना ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि आजार बळावतो. म्हणून आधी शिरेतून थायमिन, मग बाकी सगळं. इंजेक्शनं लगेच सुरू झाली आणि त्याला पुण्याला आणलं. डोळ्यांची हालचाल काही दिवसांत सुधारली. भ्रम हळूहळू ओसरला. पायांतली ताकद यायला मात्र कित्येक महिने लागले, आणि नव्या गोष्टी लक्षात ठेवताना त्याला पुढेही त्रास होत राहिला. उलटीचं मूळ कारण जठराच्या नळीतला एक अरुंद झालेला भाग होता. एंडोस्कोपीने फुगा घालून तो रुंद केला आणि उलट्या थांबल्या.

तेव्हापासून आमच्या विभागात प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एक कार्ड देतो. पाकिटात मावेल एवढं. वर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, खाली मराठीत आणि डॉक्टरांसाठी इंग्रजीत एकच सूचना: उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. ‘उलटी होणारच’ ही समजूत मी पहिल्याच भेटीत खोडून काढते. घाईघाईत खाल्लं, भाकरीचा मोठा घास नीट न चावता गिळला, तर एखाद्या वेळी उलटी होईल. पण लागोपाठ दोन दिवस उलट्या म्हणजे फोन, मग रात्र असो वा सण.

मज्जातंतूंचा दुसरा त्रास पहिल्या काही महिन्यांतलाच, पण त्याचं कारण निराळं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक छोटं हाड हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू पायाच्या पुढच्या भागाकडे जातो. पाऊल वर उचलणं हे त्याचं काम. तो कातडीच्या अगदी खाली असतो आणि आजूबाजूची चरबी त्याचं रक्षण करते. वजन भरभर उतरलं की ती चरबीही जाते आणि मज्जातंतू उघडा पडतो. पायावर पाय टाकून बसलं, मांडी घालून किंवा उकिडवं फार वेळ बसलं की तो हाडावर दाबला जातो आणि पाऊल लोंबायला लागतं.

यातलं दुःख असं, की हे घडतं अनेकदा आनंदाच्या क्षणी. आमच्याकडे एक काकू येत. कित्येक वर्षं त्यांना जमिनीवर बसता आलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक पूजेला त्या खुर्चीवर बसत आणि ते त्यांना फार लागे. वजन कमी झाल्यावर मुलाच्या घरी सत्यनारायण होता. यजमान म्हणून त्या पूजा संपेपर्यंत मांडी घालून बसल्या. उठल्या तेव्हा उजवं पाऊल उचलेना, पुढचा भाग फरशीवर आपटायला लागला. त्यांना वाटलं लकवा मारला. तपासणीत मज्जातंतू गुडघ्याजवळ दबल्याचं निघालं. घोट्याला आधार देणारा पट्टा, फिजिओथेरपी, मांडी बंद आणि जोडीला प्रथिनं वाढवणं, एवढ्यावर त्या बऱ्या झाल्या. आता मी हे आधीच सांगते. जमिनीवर जरूर बसा, त्यासाठीच एवढा खटाटोप केला आहे. पण थोड्या थोड्या वेळाने पाय सोडा, बाजू बदला आणि पहिल्या वर्षात पायावर पाय टाकून बसायची सवय मोडा.

त्यानंतर येतं बी-१२, आणि त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. शरीराला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ पुरतं आणि निरोगी माणसाच्या यकृतात काही मिलिग्रॅमचा साठा असतो. कणगी भरलेली असली की पावसाळा निघतो, तसा हा साठा बाहेरून काही न मिळता काही वर्षं पुरतो. पण आपल्याकडे अनेकांची कणगी शस्त्रक्रियेआधीच तळाला गेलेली असते. बी-१२ वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात तर ते प्रमाण ८१ टक्के होतं. हे लोक वरकरणी धडधाकट होते. त्यांच्यातलाच एखादा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतो, त्यानेही बी-१२ घटतं. पित्तासाठी रोज सकाळी आम्ल दाबणारी गोळी घेतो, त्यानेही घटतं. आणि मग त्याची शस्त्रक्रिया होते. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेली दोन-तीन वर्षांची सवड त्याला कशी मिळणार? म्हणून आम्ही बी-१२ ची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी करतो आणि कमी असेल तर आधी ते भरून काढतो.

बी-१२ कमी झालं की मज्जातंतूंवरचं आवरण आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे मागचे पट्टे खराब होऊ लागतात. पाय जमिनीवर कुठे आहेत, ही खबर मेंदूला याच पट्ट्यांतून जाते. रुग्ण ते आपल्या शब्दांत सांगतात आणि ते शब्द मी जसेच्या तसे लिहून घेते. ‘गादीवर चालल्यासारखं वाटतं.’ ‘मोजे घातलेत असं वाटतं, पण पाय उघडेच असतात.’ ‘दिवसा ठीक असते, पण लाइट गेली की भिंत धरावी लागते.’ ‘अंघोळ करताना डोळ्यांना साबण लावला की पडेन असं वाटतं.’ उजेडात डोळे पायांची उणीव भरून काढतात. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर ती आयत्या वेळी उघडी पडते. चप्पल निसटलेली कळते का, हा प्रश्न त्यासाठीच. ताकद कमी असेल तर चप्पल निसटते, पण निसटल्याचं कळतं. संवेदनाच गेली असेल तर माणूस चार पावलं तसाच पुढे जातो आणि मागून कोणीतरी हाक मारून सांगतं.

बायपास होऊन काही वर्षं झालेल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. वजन आटोक्यात, मधुमेह आटोक्यात, म्हणून तपासणीला येणं हळूहळू सुटलं. थकवा वाटायला लागला तेव्हा जवळच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन कमी निघालं आणि लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. थकवा कमी झाला, रक्तही बरंच सुधारलं, त्यामुळे सगळं मार्गी लागलं असं वाटलं. पाय मात्र बिघडत गेले. फळ्यावर लिहून वळताना झोक जायला लागला. वयाचं, मणक्याचं, कॅल्शियमचं म्हणून बरेच उपाय झाले. शेवटी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा काठी घेऊन आल्या. बी-१२ अगदी तळाला होतं.

फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं आणि बी-१२ ची उणीव झाकली जाते, ही गोष्ट वैद्यकाने फार किंमत मोजून शिकली आहे, आणि तिचा एक धागा मुंबईत आहे. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्रयोग केले आणि यीस्टपासून बनवलेल्या मारमाइटने तो रक्तक्षय बरा होतो हे दाखवलं. १९३१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या यीस्टमधला उपयोगी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. त्याने असंख्य बायकांचे प्राण वाचवले. पुढे १९४० च्या दशकात हेच फॉलिक ॲसिड बी-१२ च्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयावर दिलं गेलं, तेव्हा रक्त सुधारलं आणि मज्जातंतू मात्र बिघडत राहिले. आमच्या शिक्षिकेच्या बाबतीत तेच घडलं होतं. म्हणून मी रुग्णांना सांगते, हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून बी-१२ ची तपासणी टाळू नका, आणि फॉलिक ॲसिड कोणी सुरू केलं तर बी-१२ बद्दल आधी विचारा.

त्या शिक्षिकांना बी-१२ ची लाल इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, काठी सुटली, पण अंधारात चालताना हात धरावा लागतो तो आजही. मज्जातंतू किती सुधारतील हे बरंचसं उपचार किती लवकर सुरू झाले यावर ठरतं. मुंग्यांच्या टप्प्यावर पकडलेला रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होतो. काठीच्या टप्प्यावर आलेल्याला मिळेल त्यावर समाधान मानावं लागतं. या दोन टप्प्यांमध्ये फक्त एक रक्ततपासणी आणि महिन्याला एक इंजेक्शन असतं, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांना सुई नको, त्यांना रोज मोठ्या मात्रेची गोळीही चालू शकते. जठराच्या मदतीशिवायही बी-१२ चा साधारण शंभरावा हिस्सा आतड्यातून आपोआप झिरपतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतले दहाएक अंगी लागतात आणि तेवढे पुरतात. अट एकच, गोळी रोज हवी आणि रक्तातली पातळी तपासत राहायला हवी.

बी-१२ चांगलं असूनही पाय तसेच अडखळत असतील तर न्यूरॉलॉजिस्ट तांब्याची तपासणी सांगतात. तांबं कमी पडलं की मज्जारज्जूवर जवळजवळ तसाच परिणाम होतो. आणि त्यामागे पुष्कळदा एक निरुपद्रवी वाटणारी गोळी सापडते, जस्ताची. वजन भरभर उतरताना तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळायला लागतात. बायका, विशेषतः तरुण मुली, त्याने फार घाबरतात. कोणीतरी सांगतं, झिंक घे. केमिस्टकडे ते सहज मिळतं आणि महिनोन् महिने चालू राहतं. जस्त जास्त झालं की आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं, ते तांब्याला धरून ठेवतं, आणि त्या पेशी झडतात तेव्हा तांबंही बाहेर जातं. म्हणूनच १ मिलिग्रॅम तांब्यामागे ८ ते १५ मिलिग्रॅम जस्त, असं प्रमाण राखण्याची शिफारस आहे. केसांबद्दल मी आधीच बोलून ठेवते. ते गळतील, आणि प्रथिनं व लोह नीट असेल तर बहुधा काही महिन्यांत परत येतील. आपल्या मनाने एकही गोळी वाढवायची नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या दोन-तीन गोळ्या एकत्र घेणारेही मला भेटतात. बी-६ दीर्घकाळ फार मोठ्या मात्रेत गेलं तर त्यानेच मज्जातंतू दुखावतात.

हे सगळं वैद्यकाला ठाऊक आहे. तरी रुग्ण का सुटतात, हा माझ्या कामातला खरा प्रश्न आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ४३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ जणांना, म्हणजे १६ टक्क्यांना, मज्जातंतूंचा त्रास झाला होता. पित्ताशय काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण ३ टक्के होतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत फार वेगाने उतरलेलं वजन होतं, लांबलेल्या उलट्या-जुलाब होते, आणि आणखी एक गोष्ट होती: शस्त्रक्रियेनंतर आहार विभागात न येणं. मी तो निबंध वाचला तेव्हा या एका नोंदीपाशी बराच वेळ थांबले. माझ्या टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीचा मज्जातंतूंशी काय संबंध आहे, ते तिथे संशोधनाच्या भाषेत लिहिलेलं होतं.

खुर्ची रिकामी राहण्याची कारणं मी रुग्णांकडून ऐकत आले आहे. पहिलं कारण, बरं वाटणं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, तर याच गोळ्या जन्मभर कशाला? दुसरं, पैसा. शस्त्रक्रियेसाठी विमा असतो, कर्ज काढतात, दागिने मोडतात. पण दर महिन्याच्या गोळ्या आणि वर्षाच्या तपासण्या खिशातून भराव्या लागतात आणि त्यांचा हिशेब आधी कोणी दिलेला नसतो. तिसरं, अंतर. लातूर किंवा जळगावहून एका रक्ततपासणीसाठी पुण्याला येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी जाते. चौथं, उपवास. श्रावणात किंवा नवरात्रात ज्यांच्या पोटात एका वेळी एक वाटीच मावते, त्यांची ती वाटी साबुदाण्याने भरली तर प्रथिनं आणि थायमिन कुठून येणार? उपवास मोडा असं मी सांगत नाही. दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा यांचा उपवास बसवून देते आणि गोळ्या उपवासाला चालतात हे ठासून सांगते.

पाचवं कारण सगळ्यात अवघड आहे. अनेक मुलींची शस्त्रक्रिया लग्नाआधी होते आणि सासरी ती सांगितलेली नसते. मग गोळ्या कपाटात कपड्यांखाली जातात, नंतर माहेरीच राहतात, नंतर बंद होतात. अशी एक मुलगी गरोदरपणात आमच्याकडे आली. आईबरोबर, नवऱ्याला न सांगता. गरोदरपणातल्या नेहमीच्या गोळ्या ती घेत होती, त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड होतं. पायांना मुंग्या होत्या, त्या गरोदरपणामुळे असं सगळे म्हणत होते. बी-१२ फारच कमी निघालं. आईला बी-१२ कमी असेल तर दुधावरच्या बाळालाही ते मिळत नाही, आणि अशा बाळांची वाढ मागे पडते, त्यांना कंप सुटतो. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘बाळा, आता हे तुझ्या एकटीचं गुपित राहिलेलं नाही. ज्यांच्या घरात बाळ येणार आहे, त्यांना तुझ्या गोळ्या ठाऊक असायला हव्यात.’’ पुढच्या वेळी ती नवऱ्याला घेऊन आली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘इंजेक्शन आमच्या गावात देता येईल ना?’’ या कामातला तो माझा अतिशय समाधानाचा दिवस होता.

अशा रुग्णांनी आम्हाला काम बदलायला लावलं. आता शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत लागतं. त्याच भेटीत आम्ही पुढच्या वर्षभरातल्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा अंदाजे खर्च कागदावर मांडतो. तो परवडत नसेल तर सर्जनशी बोलून निर्णय लांबवलेला बरा. दूरच्या रुग्णांचं रक्त त्यांच्याच गावातल्या प्रयोगशाळेत तपासून घेतो आणि रिपोर्ट फोनवर मागवतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही, अशा बारीक गोष्टी घड्याळाच्या चित्रांसकट लिहून देतो. तारीख चुकली तर आम्हीच फोन करतो. काहींना तो फोन म्हणजे पाळत वाटते. पण मुंग्या सुरू झाल्याचं बहुतेक वेळा मला त्या फोनवरच कळतं, कारण मुंग्यांसाठी आपणहून कोणी रुग्णालयात येत नाही.

या शस्त्रक्रियेबद्दल कोणाच्या मनात भीती घालावी असं मला वाटत नाही. तिने आयुष्य परत मिळालेली माणसं मी रोज बघते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली आहे. म्हणजे पुढच्या काळात आपल्या आसपास ही शस्त्रक्रिया झालेली माणसं वाढणार आहेत. ती तालुक्याच्या दवाखान्यात तापासाठी जातील, दुसऱ्या शहरात भूल घेतील, नव्या डॉक्टरांपुढे बसतील. त्यांनी ऑपरेशन झाल्याचं सांगायला हवं आणि डॉक्टरांनी ते विचारायला हवं. भुलेच्या आधी सांगणं तर फारच महत्त्वाचं, कारण नायट्रस ऑक्साइड हा भुलेत वापरला जाणारा वायू बी-१२ निकामी करतो, आणि ज्याचा साठा आधीच कमी आहे त्याचे मज्जातंतू त्यानंतर अचानक ढासळू शकतात.

तुमच्या घरात कोणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल तर आजच त्यांना विचारा, बी-१२ शेवटचं कधी तपासलं, गोळ्या चालू आहेत का, पायांना मुंग्या येतात का. उत्तर डळमळीत असेल तर वजन कितीही सुंदर उतरलेलं असो, या आठवड्यात तपासणी करून घ्या. आणि जी रुग्णालयं ही शस्त्रक्रिया करतात, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या पत्रकातच पुढच्या पाच वर्षांच्या रक्ततपासण्या आणि आहारतज्ज्ञाच्या भेटी धरा, आणि रुग्ण आला नाही तर त्याला शोधायची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवा. मज्जातंतू एकदा मेले की आमच्यापैकी कोणाच्याच हातात फारसं काही उरत नाही. त्याआधीचे महिने आणि वर्षं मात्र आपल्या सगळ्यांच्या हातात असतात, आणि तेवढा वेळ पुरेसा आहे.